रात्रीचं आभाळ बघून ठरवा

२०२४च्या नोव्हेंबरअखेरीस पुण्याच्या शिवाजीनगर वेधशाळेत किमान तापमान १० अंशांच्या आसपास उतरलं होतं. कपाटातले स्वेटर निघाले, हुरडा पार्ट्यांच्या तारखा ठरू लागल्या. ३० नोव्हेंबरला फेंगल चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळ जमिनीवर आलं आणि तिथून हजारेक किलोमीटर दूर असलेल्या आपल्याकडे आभाळ भरून आलं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात लोक रात्री पंखा लावून झोपत होते. पुढे ढग पांगले आणि गारठा पुन्हा हजर झाला. माणसं स्वेटर काढतात, घालतात, त्यांचं भागतं. कुंडीतल्या जास्वंदीला ती सोय नाही.

हळूहळू येणाऱ्या थंडीची झाडं तयारी करतात. वाढ मंदावते, कोवळी पालवी फुटायची थांबते, पेशींमध्ये साखर वाढते. मधेच आठवडाभर हवा उबदार आणि ढगाळ झाली की ही तयारी मोडते, नवे कोंब येतात आणि नेमका त्यांच्यावर पुढचा गारठा पडतो. आपल्याकडे घरगुती बागेचं हिवाळ्यात जे नुकसान होतं, त्यातलं बरंचसं थंडीच्या या येण्याजाण्यामुळे होतं. त्यामुळे डिसेंबरची कामं, जानेवारीची कामं अशी महिनेवार यादी भिंतीवर लावून फारसा उपयोग होत नाही. दिवेलागणीला गच्चीत किंवा अंगणात जाऊन आभाळ बघावं, वारा बघावा आणि त्या एका रात्रीपुरतं काय करायचं ते ठरवावं. माझ्या मते हिवाळ्यातल्या बागकामाचा हा सगळ्यात उपयोगी नियम आहे.

थंडी येते कुठून, जाते कुठे

भूमध्य समुद्राकडून निघालेले पश्चिमी झंझावात हिवाळाभर एकामागून एक हिमालयाकडे येतात. काश्मीर-हिमाचलात बर्फ पडतो. झंझावात पुढे सरकला की त्याच्या मागून उत्तरेचे कोरडे, गार वारे मोकळे सुटतात आणि खानदेश, नाशिक, विदर्भ असे खाली उतरत येतात. आपली थंडी ती हीच. पुढचा झंझावात जवळ आला की वाऱ्याची दिशा फिरते, उत्तरेचा पुरवठा तुटतो आणि दोन-तीन दिवस उबदार जातात. त्याच वेळी बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र असेल तर पूर्वेकडून बाष्प येतं. पूर्वेचं हे बाष्प आणि पश्चिमेचे वरच्या थरातले थंड वारे आपल्या डोक्यावर एकत्र आले, की अवकाळी पाऊस आणि कधी गारा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चक्र सतत फिरत असतं. कधी झंझावात लागोपाठ येतात आणि थंडीला टिकायला वेळच मिळत नाही, कधी आठ-दहा दिवस मोकळे मिळतात आणि नाशिक जिल्ह्यातलं निफाड उतरलेल्या पाऱ्यामुळे बातम्यांत येतं. ‘पूर्वी अशी लहरी थंडी नव्हती’ हे वाक्य दर वर्षी ऐकू येतं. लहर पूर्वीही होतीच. पण पूर्वी गच्चीवर दीडशे कुंड्या कोणी ठेवत नव्हतं, त्यामुळे ती इतकी जाणवत नसे.

थंडीच्या या उलटापालटीत ढगांचं काम नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. जमीन दिवसा तापते आणि रात्रभर ती उष्णता वर सोडत राहते. आभाळ मोकळं असेल तर ती निघून जाते. ढग असतील तर ते गोधडीसारखे पांघरले जातात, उष्णता खालीच राहते आणि किमान तापमान चार-पाच अंशांनी चढतं. वाऱ्याचंही तसंच. वारा हलता असेल तर वरची जराशी उबदार हवा खाली मिसळत राहते. वारा पडला की गार, जड हवा जमिनीलगत साचते आणि उतारावरून खोलगट जागेकडे वाहत जाते. महाबळेश्वरच्या बाजारपेठेत पारा दोन आकड्यांत असताना खाली वेण्णा लेकच्या काठावर, गाड्यांच्या टपांवर आणि गवतावर दवबिंदू गोठलेले दिसतात ते याच कारणाने.

बातमीतलं तापमान तुमच्या गॅलरीचं नसतं

पुण्यात शिवाजीनगरचा आकडा शहराचा म्हणून छापला जातो. त्याच पहाटे मगरपट्टा किंवा कोरेगाव पार्कला किमान तापमान पाच-सहा अंशांनी जास्त असू शकतं आणि पाषाण किंवा एनडीएच्या बाजूला शिवाजीनगरपेक्षाही कमी. काँक्रीट, डांबर, इमारतींची गर्दी उष्णता धरून ठेवते. मोकळी, झाडीची, सखल जागा लवकर गार होते. पुण्याचा आजवरचा नीचांक १.७ अंशांचा, १७ जानेवारी १९३५चा. तेव्हाचं शिवाजीनगर आणि आजचं शिवाजीनगर यांच्या मधे किती सिमेंट ओतलं गेलं याचा विचार केला तर तो आकडा पुन्हा दिसेल का, अशी शंका येते.

‘थंडीची लाट’ या शब्दांचीही एक मोजणी आहे. सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली असेल आणि ते सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी कमी असेल, तर भारतीय हवामान विभाग लाट जाहीर करतो. किनारपट्टीसाठी ही मर्यादा १५ अंशांची आहे. म्हणजे लाट जाहीर झाली नाही तरी तुमच्या तुळशीला धोका असू शकतो. सलग चार-पाच रात्री ११ अंशांच्या गेल्या तर बातमी होत नाही, पण पानं काळवंडतात.

म्हणून एक कमाल-किमान तापमापक विकत घ्या. रात्रीत पारा कुठवर उतरला ते तो धरून ठेवतो, पहाटे उठून बघायची गरज नाही. तो भिंतीला चिकटवून लावू नका, भिंतीची ऊब मोजली जाईल. झाडांच्या उंचीला, थेट ऊन लागणार नाही अशा जागी टांगा. पंधरा दिवस रोजचा आकडा बातमीतल्या आकड्याशेजारी लिहून ठेवला की तुमच्या जागेचा फरक कळतो. तो बराचसा ठरलेला असतो. एकदा कळला की हवामान विभागाच्या अंदाजातून तेवढे अंश वजा किंवा अधिक करायचे. शेती किंवा मोठी परसबाग असेल तर जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, तो मेघदूत ॲपवर मराठीतही मिळतो. शहरातल्या वाचकांनीही तो बघायला हरकत नाही. त्यात ‘ढगाळ हवामानामुळे माव्याचा प्रादुर्भाव’ असं दिसलं की आपल्या शेवंतीकडेही नजर टाकावी.

आभाळ मोकळं, वारा पडलेला

संध्याकाळी आभाळ स्वच्छ, वारा शांत, हवा कोरडी आणि सूर्य मावळताच गारठा चढायला लागला, तर पहाट बोचरी असणार. अशा रात्रीची तयारी खरं तर त्या दिवशी सकाळीच सुरू होते, पाण्यापासून. ओली माती कोरड्या मातीपेक्षा जास्त उष्णता साठवते आणि रात्री ती हळूहळू सोडते. निफाडचे द्राक्षबागायतदार थंडी वाढली की रात्री बागेला पाणी देतात, त्यामागे हेच आहे. कुंडीत मात्र मातीच थोडी असते, त्यामुळे चिखल करण्यात अर्थ नाही. सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला, ऊन आल्यावर, बेताचं पाणी द्या. संध्याकाळी पानांवर पाणी मारण्याची सवय या दिवसांत पूर्ण सोडा.

सोसायटीच्या नळाला किंवा सौर बंबाच्या तोटीला सकाळी आधी बादलीभर गार पाणी येतं आणि आपण ते सोडून देतो. ते भरून ठेवा, दुपारपर्यंत कोमट होतं, मग झाडांना घाला.

झाकायचं कसं, यात बहुतेकांचं चुकतं. प्लास्टिकचा कागद थेट झाडावर टाकला तर जिथे तो पानाला टेकतो तिथेच पान जळल्यासारखं काळं पडतं. जुनी सुती साडी, चादर किंवा हिरवी शेडनेट घ्या. कुंडीत तीन-चार काड्या खोचा आणि कापड त्यांच्यावरून सोडा, पानांना टेकू देऊ नका. कापड खाली जमिनीपर्यंत आलं पाहिजे. नुसतं शेंड्यावर बांधलेलं मुंडासं काही कामाचं नाही, कारण ऊब येते ती खालच्या मातीतून आणि फरशीतून, तीच कोंडून धरायची आहे. सकाळी आठ-साडेआठला ऊन आलं की कापड काढायचं. दिवसभर झाकून ठेवलेलं झाड लुळं पडतं.

कुंड्या हलवता येत असतील तर झाकण्याहून ते सोपं. कठड्यावर, ग्रिलला टांगलेल्या कुंड्यांना सगळीकडून गारवा लागतो, त्या आधी खाली घ्या. पश्चिमेकडची किंवा दक्षिणेकडची भिंत दुपारभर तापते आणि मध्यरात्रीपर्यंत ऊब देते. नाजूक झाडं तिच्यालगत एकमेकांना खेटून ठेवा. पालापाचोळ्याचं आच्छादन कुंडीतल्या मुळांना गारठ्यापासून वाचवतं, ते असू द्या. जमिनीतल्या वाफ्यात मात्र कडाक्याच्या रात्री ते थोडं बाजूला सारलेलं बरं, कारण जाड आच्छादनाखाली मातीची ऊब अडकून राहते आणि वरच्या पानांपर्यंत पोचत नाही.

तुळशीबद्दल जरा सविस्तर बोललं पाहिजे, कारण हिवाळ्यात सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न तिचाच. कार्तिकात तिचं लग्न लागतं आणि पौषात ती काड्या होऊन उभी असते. गारठ्याइतकाच दोष रोजच्या तांब्याभर पाण्याचाही असतो. थंडीत झाड पाणी कमी ओढतं, माती सुकायला दिवस लागतात आणि मुळं कुजतात. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालून बघा, आत ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. पूजेला पळीभर पाणी पुरतं, भक्ती त्यातही मावते. मंजिऱ्या येतील तशा खुडत राहा, थोड्या वाळवून बी धरून ठेवा. मोठी छाटणी मात्र आत्ता नको. नव्या फुटीला ही रात्र सोसायची नाही. वृंदावन उत्तरेच्या वाऱ्याच्या तोंडावर असेल तर त्या बाजूला रात्रीपुरता आडोसा करा.

कढीपत्त्याची पानं पिवळी होऊन गळतात, घाबरू नका आणि त्याला खत घालू नका. झाड विसावलेलं असतं. या दिवसांत दिलेलं नत्राचं खत म्हणजे मऊ, पाणीदार फूट, आणि गारठा व मावा दोघेही आधी तिच्यावरच तुटून पडतात. जास्वंदीच्या कळ्या न उमलता गळतात, तिच्या बेचक्यांत पिठ्या ढेकूण बसलेला असतो. तो ओल्या कापडाने किंवा जुन्या टूथब्रशने काढा, मग लिटरभर पाण्यात ५ मिलि कडुनिंबाचं तेल आणि थोडा द्रवरूप साबण घालून फवारा. फवारणीची वेळ सकाळी नऊ-दहाची ठेवा, म्हणजे पानं संध्याकाळच्या आत सुकतात. अडेनियम आणि निवडुंगांना महिना-दीड महिना जवळजवळ कोरडं ठेवलं तरी चालतं. मोगऱ्याचंही पाणी डिसेंबरात कमी करत न्यावं. तो जितका नीट विसावेल तितका चैत्र-वैशाखात बहरेल. गुलाब, शेवंती, पिटुनिया यांची चिंता नको, त्यांचा हा ऋतूच आहे.

भाज्यांमध्ये मेथी, पालक, मुळा, गाजर, वाटाणा मजेत असतात. उगवण तेवढी रेंगाळते. धने रगडून दोन फाकी करून रात्रभर भिजवून पेरा, आणि तरी कोथिंबीर दोन आठवडे दिसली नाही तर माती उकरू नका. सगळं बी एकाच दिवशी पेरण्यापेक्षा दर दहा-बारा दिवसांनी मूठभर पेरत गेलं तर एखादी लाट किंवा एखादा पाऊस सगळा हंगाम नेत नाही. टोमॅटोचं असं, की रात्री पारा १३ अंशांखाली राहिला की फुलं गळतात, फळ धरत नाही. झाड मेलेलं नाही, रात्री जरा उबदार झाल्या की पुन्हा धरतं. मिरचीची पानं वळून चुरडामुरडा दिसला तर कोरड्या हवेत वाढलेले फुलकिडे बघा, थंडीला बोल लावू नका.

आभाळ भरलेलं

ढगाळ रात्री सगळी आखणी उलटी करायची. झाकणं काढा, खेटून ठेवलेल्या कुंड्या सुट्या करा. किमान तापमान १६-१८ अंशांवर गेलेलं असतं, हवा दमट असते आणि कापडाखाली कोंडलेली ओल म्हणजे बुरशीला आमंत्रण. ढगाळ दिवसांत पाणीही निम्म्यावर आणा.

या हवेत दोन रोग ओळखता आले पाहिजेत. पानांवर पांढरी पूड टाकल्यासारखी दिसते ती भुरी. वाटाणा, काकडी-भोपळ्याचे वेल, गुलाब यांवर येते. तिला पान भिजलेलं लागत नाही, दमट रात्र आणि कोरडा दिवस एवढं पुरतं. सुरुवातीची पानं काढून टाका. पसरली तर पाण्यात विरघळणारं ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात फवारा. मात्र आधी कडुनिंबाचं तेल मारलं असेल तर मधे दोन आठवडे जाऊ द्या, दोन्ही एकामागोमाग दिली तर पानं होरपळतात. दुसरा रोग करपा. टोमॅटो-बटाट्याच्या पानांवर पाणी भरल्यासारखे डाग पडून ते काळे होतात. गार आणि ओल्या हवेत तो दोन-चार दिवसांत झाडभर जातो. तिथे ममता दाखवू नका, लागलेल्या फांद्या काढून कचऱ्यात टाका, खतखड्ड्यात नको.

खतखड्ड्यावरून आठवलं. ओल्या कचऱ्याचा डबा थंडीत मंद होतो, वास मारतो आणि आपण तो टाकून द्यायच्या विचारात येतो. डबा उन्हात सरकवा, कचरा बारीक चिरून घाला, कोरडा पाला वाढवा आणि वाटीभर आंबट ताक शिंपडून ढवळा. पुन्हा चालू होतो.

अवकाळी पावसाचा इशारा असेल तर कुंड्यांखालच्या ताटल्या काढून ठेवा, वेलांचे मांडव बांधून घ्या. गारा बहुधा दुपारनंतर पडतात. शेडनेट सपाट ताणली तर गारांच्या वजनाने झोळ पडून फाटते, उतार देऊन बांधा. विजा चमकत असताना गच्चीवर कुंड्या वाचवायला धावू नये, हे वेगळं सांगायला नको, पण लोक धावतात. गारपीट होऊन गेल्यावर फाटकं झाड बघवत नाही आणि हात कात्रीकडे जातो. चार-पाच दिवस थांबा. लोंबकळणारं आणि चेचलेलं तेवढं काढा, पाणी तुंबू देऊ नका. उरलेली फाटकी पानंसुद्धा झाडाचं पोट भरत असतात.

ज्यांचं पोट यावर आहे

गच्चीवरच्या बागेत चुकलं तर चार झाडं जातात. २६ नोव्हेंबर २०२३च्या गारपिटीने निफाड परिसरातल्या द्राक्षबागा एका संध्याकाळी झोडपल्या. ऑक्टोबर छाटणी करून वाढवलेले घड नुकते धरले होते, वर्षाचा खर्च होऊन गेला होता. फेब्रुवारी-मार्च २०१४ची गारपीट तर मराठवाडा-विदर्भात अजून विसरलेली नाही. द्राक्षाला थंडीही हवी तशीच लागते. पारा १० अंशांखाली रेंगाळला की मण्यांची फुगवण थांबते आणि दिवस-रात्रीच्या तापमानात मोठी तफावत पडली की हिरव्या मण्यांवर गुलाबी छटा येते. ‘पिंक बेरी’ म्हणतात ती हीच, निर्यातीत असा माल नाकारला जातो. हे टाळण्यासाठी पहाटे बागेत शेकोट्या पेटतात. त्यांचा उपयोग उष्णतेमुळे होतो, धुरामुळे नाही. म्हणून एक मोठा जाळ करण्यापेक्षा ठिकठिकाणी छोट्या शेकोट्या बऱ्या. हे बघून सोसायटीच्या आवारात कोणी पाला पेटवत असेल तर थांबवा. वारा पडलेल्या पहाटे धूर वर जात नाही, पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरच्या दमेकऱ्यांच्या खोलीत शिरतो.

कोकणात हापूसचा मोहोर थंडीवर येतो, पण थंडी पुन्हा पुन्हा आली की झाड पुन्हा मोहोरतं आणि आधी धरलेली वाटाण्याएवढी फळं गळतात. हा पुनर्मोहोर. मधे ढग आले की तुडतुडे वाढतात आणि झाडाखालची पानं चिकट होतात. दारात एखादंच आंब्याचं झाड असलेल्यांनी एवढं पाळावं: पावसाळा संपल्यापासून फळं धरेपर्यंत त्याला मुबलक पाणी देऊ नये, दिलं तर मोहोराऐवजी पालवी येते. मोहोर फुललेला असताना कीटकनाशक फवारू नये, परागीकरण करणाऱ्या माश्या मरतात. आधीच गारठ्यात त्या कमी फिरतात. शेजारी डोंगरउतारावर काजू असेल तर ढेकण्या या किडीवरही लक्ष ठेवा.

खानदेशात केळीला चरका बसतो, कांद्याला डेंगळे येतात, ढगाळ हवेत हरभऱ्यावर घाटेअळी चढते. संक्रांतीच्या आधी भोगीच्या भाजीचे भाव एकाएकी वाढलेले दिसले, तर बाजारातल्या बाईशी हुज्जत घालण्याआधी मागच्या महिन्याचं आभाळ आठवावं.

घरात

सगळ्यात आधी, सगळ्यात महत्त्वाचं. बंद न्हाणीघरात गॅस गिझर चालू ठेवून अंघोळ करू नका. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, गरगरतं, झोप आल्यासारखं होतं आणि माणूस कडी काढण्याआधीच कोसळतो. गिझर न्हाणीघराच्या बाहेर, हवेशीर जागी बसवून घ्या, तोवर खिडकी उघडी ठेवून आधी बादली भरा, गिझर बंद करा आणि मग अंघोळीला जा. कोळशाची शेगडी रात्री बंद खोलीत ठेवून झोपणं त्याच कारणाने जिवावर बेततं. बाळंतिणीच्या खोलीतही.

घरातल्या वयस्कर मंडळींचं पहाटे साडेपाचचं फिरणं या दिवसांत सात-साडेसातला न्या. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, आणि पहाटेच्या स्थिर हवेत शहराचा धूरही जमिनीलगत साचलेला असतो. आजी-आजोबा ऐकत नसतील तर डॉक्टरांच्या तोंडून सांगवा. तहान लागत नाही म्हणून त्यांचं पाणी कमी होतं, कोमट पाण्याचा तांब्या हाताशी ठेवा. शाळेत जाणाऱ्या मुलांना एका जाड स्वेटरऐवजी दोन पातळ कपडे घाला. सकाळी १२ अंश आणि दुपारी ३० अंश असा दिवस असतो, जाड स्वेटर दुपारी शाळेतच राहतो.

स्वयंपाकघरात विरजण लागत नाही, इडलीचं पीठ फुगत नाही. दूध नेहमीपेक्षा जरा गरम असताना विरजण जास्त लावा आणि भांडं पिठाच्या किंवा तांदळाच्या डब्यात ठेवा. ढगाळ रात्री मात्र हीच युक्ती केली तर सकाळी दही आंबट ढाण मिळतं. आभाळ तिथेही बघायचं. सौर बंबावर अवलंबून असाल तर ढगाळ दिवशी पाणी जपून वापरा आणि लॉनवर लग्न ठरवलं असेल तर मंडपवाल्याशी आच्छादनाचं आधीच बोलून ठेवा. नोव्हेंबर-डिसेंबरच्या मुहूर्तांना पाऊस आता पाहुणा राहिलेला नाही.

प्रवासाचं थोडक्यात. आंबोली, माळशेज, खंडाळ्याच्या धुक्यात दिव्यांचा वरचा झोत लावला तर समोर पांढरी भिंत दिसते. खालचा झोत लावा, अंतर ठेवा, रस्त्याच्या कडेला अर्धवट गाडी थांबवू नका. उत्तर भारतातून येणाऱ्या गाड्या डिसेंबर-जानेवारीत धुक्याने उशिरा धावतात, त्यांना जोडून पुढचं आरक्षण करताना मधे भरपूर वेळ सोडा.

थंडी उठताना

होळी जळाली, थंडी पळाली असं आपण म्हणतो, पण ती अलीकडे होळीची वाट बघतेच असं नाही. २०२३च्या फेब्रुवारीत देशाचं सरासरी कमाल तापमान १९०१पासूनच्या नोंदींतलं सर्वांत जास्त ठरलं. काही वर्षी माघातच दुपारचा पारा ३५ अंशांकडे जातो आणि पहाटे अजून १२ अंश असतात. हे पंधरा-वीस दिवस बागेला सगळ्यात कठीण. विसावलेली मुळं आणि तापलेली पानं यांचा मेळ बसत नाही, झाड भर दुपारी मान टाकतं. पाणी एकदम दुप्पट करू नका. आधी दुपारची सावली द्या, पाणी आठवडाभरात वाढवत न्या. रात्री झाकायला वापरलेली शेडनेट धुऊन हाताशी ठेवा, तीच आता दुपारी लागणार आहे. मोगऱ्याची छाटणी, कुंड्या बदलणं, पहिलं शेणखत, ही कामं रात्रीचं किमान तापमान सलग आठवडाभर १५ अंशांवर राहिल्यावर काढा. तुळशीचं धरून ठेवलेलं बीही तेव्हाच पेरा.

आणि थंडीत काळवंडलेल्या फांद्या तोवर तशाच राहू द्या. दिसायला वाईट दिसतात, पण त्यांच्या आडोशाने खालचे डोळे जिवंत राहिलेले असतात. छाटायच्या दिवशी शेंड्याकडून बुंध्याकडे येत नखाने साल हलकेच खरवडत जा. तपकिरी निघालं तर फांदी तिथवर वाळली आहे. हिरवं लागलं की थांबा आणि त्याच्या बोटभर वर कात्री लावा.